दोन

त्यांच्या भाषेत बेटाला दोन म्हणतात.
पहिल्या दिवशी वहीत लिहिलं : दोन साय,
आणि खाली, सवयीनं, गावांचा आकडा : एक.
साय म्हणजे वाळू. माझ्या डोक्यात दुधावरची.

मेकाँग इथं एकसंध राहत नाही,
जुन्या धाबळीची सुतं सुटावीत तशी होते.
त्यातल्या एका सुतावरून खांपेंग खांब आणायचा :
दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या,
फळ्यांवर आडवे सिमेंटचे खांब, एका खेपेला तीन.
मला एकोणसत्तर न्यायचे होते.
चौथ्या खेपेपासून तो मला बसायला ओली गोणी देऊ लागला.

बुआलायचं शेत म्हणजे काठाचा उतार,
नदी ओसरेल तसतसा उघडा पडणारा.
त्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही;
चार महिने तिचा, आठ महिने पाण्याचा.
भुईमूग, लसूण, काठीवर चढलेल्या हातभर शेंगा.
पाणी कधी चढणार ते पूर्वी लाल मुंग्या सांगत,
अंडी उचलून झाडावर जात.
आता मुंग्यांनाही कुणी विचारत नाही.
वरच्या धरणावर कुणीतरी चहा संपवतो
आणि दार उचलतो.

तसं ते जानेवारीत आलं,
आभाळात ढगाचा ठिपका नसताना,
रात्रीत कमरेइतकं.
बुआलायनं पहाटे पाण्यात उभं राहून भुईमूग उपटला,
जेवढा हाताला लागला तेवढा,
आणि अर्ध्या भरलेल्या शेंगा उकडून
मला केळीच्या पानावर दिल्या.
दुधाळ होत्या. गोड होत्या.
माझ्या तारांतून जे येणार होतं
ते त्याच दाराखालून निघालेलं, मला ठाऊक होतं.
तिलाही असावं.
ती एवढंच म्हणाली, मीठ कमी पडलं का?

विहाराच्या छपराखाली शर्यतीची होडी आहे,
एका झाडाच्या खोडातली, चाळीस वल्ह्यांची.
यंदा वल्हवायला अकरा जण,
त्यात एकाचा खांदा दुखरा.
बाकीचे नदीपलीकडच्या देशात कोंबड्या सोलतात,
उंच इमारतींना काचा लावतात,
रविवारी फोनमध्ये चेहरा दाखवतात.
म्हातारे भिक्खू तरी होडीला तेल लावतात, अख्ख्या लांबीला,
रिकाम्या एकोणतीस जागांनासुद्धा.

मार्चमध्ये दिवे लागले.
मी ज्याची मनात तयारी केली होती तसं काही झालं नाही.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
एक कुत्रा स्वतःच्या सावलीवर भुंकला
आणि लोकांना घराच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली.
दुसऱ्या दिवशी सगळीकडे केरसुण्या.

चाळिसाव्या खांबावर भोंगा बसला.
भोंगा म्हणाला, उद्या पाणी वाढेल, म्हशी वर बांधा.
म्हशी वरच होत्या.
पाणी काल येऊन गेलं होतं.

बुआलायच्या मुलीनं फ्रिज पाठवला, वापरलेला,
दाराला कुणाच्यातरी मुलानं चिकटवलेला डायनोसॉर.
खांपेंगनं तो नावेतून आणला
आजारी माणसासारखा, चौघांनी धरून.
वाटीत नदीचं पाणी ठेवलं. सकाळी ते हललं नाही.
नात सिदा, सहा वर्षांची,
तो गोळा मुठीत घेऊन पळाली,
चिंचेखालून, शाळेवरून, विहारापर्यंत, भिक्खूंना दाखवायला.
मूठ उघडली तर नुसता ओला हात.
त्यांनी वाकून नीट पाहिलं.
हो हो, म्हणाले, आहे.

अडुसष्ट खांब उभे केले.
एकोणसत्तरावा नकाशात काठाशी होता,
पण तो काठ एप्रिलमध्ये नदीत गेला.
खांब पडून राहिला आडवा.
खांपेंग आता त्याला नाव बांधतो,
म्हणतो, तुझ्या कामातलं हे सगळ्यात पक्कं.

निघताना वही उघडली.
वर दोन, खाली एक,
वजाबाकी मांडल्यासारखं,
मधली चिन्हाची जागा ओली होऊन पुसलेली.
उत्तराची ओळ मोकळी.
खांपेंगनं इंजिनाची दोरी ओढली. लागलं नाही.
पुन्हा ओढली.